घरी एसएमडी बोर्ड करायचा, तर आराखडाही घरच्या मापाचा हवा

प्रश्न थोडक्यात असा आहे: लेझर प्रिंटचा टोनर इस्त्रीने तांब्यावर उतरवून साध्या, लांब पायांच्या पार्टांचे बोर्ड घरी नेहमी करतो. आता कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी ०.५ मिमी पिचचा (पिच म्हणजे शेजारच्या दोन पायांच्या मध्यांतलं अंतर) ४८ पायांचा एसटीएम३२ मायक्रोकंट्रोलर, ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर, यूएसबी आणि पोटाखाली पॅड (सोल्डर करायची तांब्याची जागा) असलेला अ‍ॅक्सिलरोमीटर (हालचाल मोजणारा सेन्सर) असं सगळं एका बोर्डावर बसवायचंय. चिपजवळचे ट्रॅक (तांब्याच्या रेघा) तुटतात, आणि जे तुटत नाहीत ते शेजारच्याला चिकटून राहतात. हे घरी जमण्यासारखं आहे का, की बोर्ड बाहेरूनच करून घ्यावा?

जमण्यासारखं आहे. एसएमडी, म्हणजे पाय भोकांत न घालता थेट तांब्यावर सोल्डर करायचे पार्ट, आहेत म्हणून बिचकायचं कारण नाही. घरच्या कामात सगळ्यात कंटाळवाणा आणि तब्येतीला वाईट भाग म्हणजे भोकं पाडणं, आणि एसएमडीत तोच जवळजवळ संपतो. ग्लास इपॉक्सीची धूळ कमी उडते, कार्बाइडचे बिट कमी मोडतात, आणि पॅडच्या मधोमध भोक आलं नाही म्हणून आख्खा बोर्ड टाकून द्यायची वेळ येत नाही.

तुमची अडचण वेगळी आहे. बोर्ड केमिकलच्या ट्रेमध्ये जाण्याआधीच बिघडलेला असतो, कारण आराखडा कारखान्यासाठी केलेला आहे. कारखान्यात भोकाच्या आतून तांबं चढवता येतं, दोन पायांमध्ये सोल्डर मास्कची (सोल्डर न धरणाऱ्या लेपाची) बारीक पट्टी ठेवता येते, ०.१५ मिमीची रेघ सहज निघते. घरी यातलं काहीच नसतं. म्हणून केमिकल, इस्त्री, दिवा यांच्याकडे वळण्याआधी मी तुम्हाला परत कॉम्प्युटरसमोर बसवणार आहे. या उत्तराचा मोठा भाग त्यावरच आहे.

आधी चिप निवडा. तुम्हाला खरंच ४८ पाय लागतात का? यूएसबी फक्त सीरियल पोर्टसाठी हवं असेल, तर एसटीएम३२जी०३१ ची ३२ पायांची एलक्यूएफपी (चारी बाजूंना पाय असलेली चपटी) आवृत्ती बघा. तिचं अंग तेच, ७ बाय ७ मिमी, पण पिच ०.८ मिमी. एटीमेगा३२८पी ची टीक्यूएफपी-३२ सुद्धा ०.८ चीच. यूएसबीसाठी सोबत सीएच३४०जी हा यूएसबी-सीरियल पार्ट घ्या, त्याचा पिच १.२७ मिमी आहे, तो डोळे मिटून सोल्डर होतो. ०.८ मिमी पिचमध्ये ०.४५ मिमीचा पॅड आणि ०.३५ मिमीची फट मिळते, आणि एवढं इस्त्रीनेही नीट निघतं. ०.५ मिमी पिचमध्ये पॅड आणि फट मिळून अर्धा मिलिमीटर, बस. तिथे इस्त्री सोडून ड्राय फिल्म (उजेडाने कडक होणारी पातळ फिल्म) घ्यावी लागते. तेही होतं, पण पहिल्याच बोर्डाला तो हट्ट नको.

आता तुमचे ट्रॅक का तुटतात ते आकड्यांत बघू. बाजारात सर्रास मिळणाऱ्या बोर्डावर ३५ मायक्रॉन तांबं असतं. नको असलेलं तांबं काढायला वापरतो ते फेरिक क्लोराइड तांबं वरून खाली खातं, तसंच कडेने आडवंही खातं. घरच्या पद्धतीत साधारण जेवढं खोल, तेवढंच आडवं धरून चाला. म्हणजे दोन्ही कडा मिळून ०.०७ मिमी गेले. तुमचा ट्रॅक ०.२५ चा असेल, तर सगळं बिनचूक होऊनही हातात ०.१८ येतो. त्यात चिपच्या फटीतलं तांबं निघत नाही म्हणून तुम्ही बोर्ड आणखी पाच मिनिटं आत ठेवता, तेवढ्यात बाहेरचे मोकळे ट्रॅक झिजून तुटतात. तुटणं आणि चिकटणं ही दोन दुखणी वाटतात, पण मूळ एकच आहे: बोर्डाच्या एका भागाला जेवढा वेळ पुरतो, तेवढा दुसऱ्याला पुरत नाही.

यावर उपाय तीन. एक, शक्य असेल तर १८ मायक्रॉन तांब्याचा बोर्ड घ्या. एचिंगचा (तांबं खाऊन काढण्याचा) वेळ जवळपास निम्मा आणि कडेची झीजही निम्मी. पुण्यात बुधवार पेठेत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला मागताना तांब्याची जाडी स्पष्ट विचारा, कारण नुसतं ‘कॉपर क्लॅड’ म्हटलं की समोर येईल तो तुकडा देतात. तपकिरी फिनॉलिकचा बोर्ड घेऊ नका, गरम टोक जरा जास्त वेळ टेकलं की त्यावरचे बारीक पॅड उचकटून येतात. फिकट हिरवट, ग्लास इपॉक्सीचा एफआर-४ च घ्या. दोन, चिपपासून दूर गेल्यावर ट्रॅक रुंद करा. पायाशी ०.२५, दोन मिलिमीटर पुढे गेल्यावर ०.४, आणि सप्लायचे ०.८ किंवा जास्त. जागा असताना बारीक ट्रॅक काढण्यात काही शहाणपण नाही. तीन, मोकळी जागा तांब्याने भरून टाका. जेवढं तांबं काढायचं ते कमी आणि सगळीकडे सारख्या फटींत असेल, तर बोर्डाचा प्रत्येक भाग साधारण एकाच वेळी साफ होतो. भरलेलं तांबं आणि ट्रॅक यांत मात्र ०.४ मिमी अंतर ठेवा.

कायकॅड या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमधला तयार फुटप्रिंट (पार्टाच्या पॅडांची मांडणी) तसाच वापरू नका. ०.५ पिचच्या एलक्यूएफपीचे पॅड त्यात साधारण ०.३ मिमी रुंद असतात, म्हणजे फट उरते ०.२. फुटप्रिंटची स्वतःची प्रत करून पॅड ०.२५ करा, आणि बाहेरच्या बाजूला अर्धा मिमी लांब ओढा. फट रुंद झाली की तांबं साफ निघतं, आणि लांब पॅडमुळे सोल्डरिंगला टोक टेकायला जागा मिळते.

पुढचा मुद्दा पिनांचा. बहुतेक जण आधी स्केमॅटिकमध्ये (सर्किटच्या आकृतीत) पिना ठरवून टाकतात आणि मग रूटिंगमध्ये (ट्रॅक काढताना) अडकतात. मायक्रोकंट्रोलरच्या साध्या इनपुट-आउटपुट पिना अदलाबदल करता येतात, एसपीआय आणि आयटूसी या चिपांनी एकमेकींशी बोलायच्या जोडण्यांनाही बहुधा एकापेक्षा जास्त जागा असतात. म्हणून कनेक्टर आणि पार्ट आधी बोर्डावर मांडा, ट्रॅक एकमेकांना न ओलांडता कुठल्या पिनेवर पोचतो ते बघा, आणि मग तीच पिन स्केमॅटिकमध्ये भरा. बदल कोडमध्ये एका ओळीचा असतो. एवढ्या एका सवयीने घरच्या बोर्डावरची निम्मी ओलांडणी जातात. उरलेल्यांसाठी १२०६ मापाचा शून्य ओहमचा रेझिस्टर हा पूल म्हणून वापरा (१२०६, ०८०५, ०६०३ हे पार्टाच्या मापाचे आकडे, उतरत्या क्रमाने). त्याच्या दोन पॅडमधून ०.३ चे दोन ट्रॅक निघतात. ०८०५ च्या खालून एक जातो. ०६०३ सोल्डर करणं अवघड नसतं, पण त्याच्या खालून घरी ट्रॅक नेणं जोखमीचं, म्हणून मी घरच्या बोर्डावर ०८०५ च घेतो.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी गोष्ट. दोन्ही बाजूंना तांबं असलेला बोर्ड घ्या, वरच्या बाजूला सगळे ट्रॅक काढा, आणि खालची बाजू अख्खी ग्राउंड म्हणून ठेवा, तिला हात लावू नका. खालच्या बाजूवर काही छापायचंच नसल्यामुळे दोन बाजू एकमेकींवर जुळवण्याची कटकट उरत नाही. एचिंगच्या वेळी त्या बाजूला रुंद पॅकिंग टेप घट्ट चिकटवायची आणि कडा नीट दाबायच्या. वरच्या बाजूला ग्राउंड हवं तिथे ०.८ मिमीचं भोक पाडून रेझिस्टरची कापलेली तार आरपार घालायची, दोन्हीकडून सोल्डर करून कापून टाकायची. कनेक्टरची जी पिन ग्राउंडला जात नाही, तिच्या भोकाभोवतीचं खालचं तांबं ३ मिमीच्या ड्रिल बिटाने काढायचं: बिट हातात धरून दोन-तीन वेळा फिरवला की स्वच्छ गोल निघतो. मशीन लावू नका, बोर्डातून पार जाईल.

अशा बोर्डावर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर चिपच्या सप्लाय पिनेला खेटून आणि त्याच्या ग्राउंडच्या टोकाशीच तार, एवढं केलंत तर घरचा बोर्ड विजेच्या दृष्टीने कित्येक दुपदरी विकतच्या बोर्डांपेक्षा शांत चालतो. एडीसीचे (व्होल्टेज मोजणाऱ्या भागाचे) आकडे थरथरत नाहीत. यूएसबी फुल स्पीडचे दोन ट्रॅक तीन-चार सेंटीमीटरपर्यंत शेजारी-शेजारी, सारख्या लांबीचे नेले की तेही विनातक्रार चालतं. ग्राउंडची तार चिपच्या पोटाखाली मात्र कधीही घालू नका. एलक्यूएफपीचं पोट बोर्डापासून जेमतेम ०.०५ ते ०.१५ मिमी वर असतं, तारेवरचा सोल्डरचा टेंगूळ चिपला टेकतो आणि मग एका बाजूचे पाय हवेत राहतात.

रेग्युलेटर तुम्ही एएमएस१११७ घेणार असाल, तर त्याची मोठी पाठ आउटपुटला जोडलेली असते, ग्राउंडला नाही. म्हणजे उष्णता जायला वरच्या बाजूला ३.३ व्होल्टचा चांगला मोठा पट्टा ठेवा आणि पाठ त्यावर बसवा.

अ‍ॅक्सिलरोमीटरबाबत माझं मत स्पष्ट आहे: तो या बोर्डावर घेऊ नका. त्याचे पॅड पूर्ण पोटाखाली असतात. सोल्डर मास्क नसलेल्या बोर्डावर पेस्ट वितळली की ती ट्रॅकवरून पळते, आणि खाली काय झालंय ते दिसतही नाही. त्याचं तयार मॉड्यूल मिळतं, त्यासाठी पिनांची पट्टी ठेवा. प्रोटोटाइपमध्ये तुम्हाला तुमचं सर्किट तपासायचंय. पोटाखाली फक्त उष्णतेचा पॅड आणि बाकी पॅड कडेला, अशा क्यूएफएन चिपा मात्र घरी बसतात. त्या मधल्या पॅडमध्ये दीड-दोन मिमीचं भोक पाडायचं, कडेचे पाय वरून सोल्डर करायचे आणि शेवटी बोर्ड उलटा करून भोकातून टोक घालून सोल्डर भरायचं.

आता प्रत्यक्ष काम. ०.८ आणि त्याहून मोठ्या पिचला तुमची इस्त्री पुरते, तिच्याबद्दल तुम्हाला सांगण्यासारखं थोडंच आहे. फक्त लक्षात ठेवा की ट्रॅक आता पार्टांच्याच बाजूला आहेत, म्हणून इस्त्रीसाठी छपाई आरशातली हवी. लांब पायांच्या बोर्डांची सवय असलेले इथे हमखास उलटा बोर्ड करतात, आणि एसएमडी चिप उलट्या बोर्डावर कुठल्याच बाजूने बसत नाही. छापल्यावर साध्या कागदावर खरी चिप ठेवून बघा. काही प्रिंटर कागद सरकण्याच्या दिशेने माप किंचित कमीजास्त करतात, आणि ४८ पायांत तो फरक कोपऱ्यातल्या पायावर डोळ्यांना दिसतो.

०.५ पिचसाठी ड्राय फिल्म. तांबं आधी भांडी घासायच्या हिरव्या घासणीने आणि साबणाने गोल गोल घासा, नळाखाली धरा आणि तिरपं करा. पाणी सलग पडद्यासारखं राहिलं तर तांबं स्वच्छ आहे. कुठेही पाणी फाटून थेंब झाले, तर तिथे तेलाचा अंश आहे, पुन्हा घासा. यानंतर बोट फक्त कडेला लागलं पाहिजे. फिल्मला दोन्हीकडून पारदर्शक आवरण असतं. आतल्या, मऊ बाजूचं आवरण काढायला दोन्ही बाजूंना सेलोटेपचे तुकडे चिकटवून विरुद्ध दिशांना ओढा. तांब्यावर पाण्याचा हलका फवारा मारून फिल्म एका कडेपासून बसवत न्या, म्हणजे बुडबुडे पुढे ढकलले जातात. मग कागदपत्रं लॅमिनेट करायच्या मशीनमधून १०० ते ११० अंश सेल्सिअसला दोन-तीनदा काढा. ही फिल्म निळ्या आणि अतिनील उजेडाला लागते, म्हणून खिडकी बंद आणि पिवळा दिवा.

मास्क, म्हणजे फिल्मवर ठेवायची पारदर्शक कागदावरची छापील प्रत, निगेटिव्ह हवा: जिथे तांबं राहायचं तिथे पारदर्शक, जिथे जायचं तिथे काळं. त्यात एक मोठा फायदा आहे. टोनरमध्ये सुईएवढं छिद्र राहिलं, तर इस्त्रीच्या पद्धतीत तिथे ट्रॅक तुटतो. इथे तेच छिद्र पडलं तर तांब्याचा एक ठिपका जास्त राहतो, तो सुरीच्या टोकाने खरवडता येतो. तरीही लेझर प्रिंटचा काळा पुरेसा दाट नसतो, म्हणून दोन प्रती एकमेकींवर नेमक्या जुळवून कडेला चिकटवा. शाईची बाजू फिल्मला टेकलेली हवी, म्हणजे इथेही छपाई आरशातली. शाई वरच्या बाजूला राहिली तर पारदर्शक कागदाच्या जाडीएवढी फट पडते, उजेड तिथून तिरपा आत शिरतो आणि ०.२५ ची फट भरून जाते. वर साधी काच आणि चारी बाजूंना घट्ट क्लिपा.

उजेड किती वेळ द्यायचा हे दुसऱ्या कोणाच्या आकड्यावरून ठरवू नका. नेलपॉलिश वाळवायचा दिवा, ४०५ नॅनोमीटरचे एलईडी, दिव्याचं अंतर, फिल्मचा जुनेपणा, सगळ्यांनी वेळ बदलते. एका पट्टीवर फिल्म लावा, तुमच्याच चिपच्या पायांचा मास्क तिच्यावर पुन्हा पुन्हा छापून घ्या, आणि पुठ्ठा २०-२० सेकंदांनी सरकवत जा. डेव्हलप केल्यावर (उजेड न लागलेली फिल्म धुऊन काढल्यावर) एका टोकाला रेघा धुऊन जातील, तिथे उजेड कमी पडला. दुसऱ्या टोकाला फटी उघडणार नाहीत, तिथे जास्त झाला. मधला टप्पा तुमचा. ही पट्टी नीट केली की दिवा आणि फिल्म बदलेपर्यंत परत विचार करावा लागत नाही.

उजेड दिल्यावर पंधरा मिनिटं थांबा, मग वरचं आवरण काढा. हे आवरण तसंच राहिल्यामुळे ‘डेव्हलपरच चालत नाही’ म्हणणारे पुष्कळ भेटतात. डेव्हलपर म्हणजे धुण्याच्या सोड्याचं एक टक्क्याचं पाणी. कोरडी पूड असेल तर लिटरला १० ग्रॅम. काचेसारखे मोठे खडे असतील तर त्यांत बरंचसं पाणीच असतं, म्हणून २७ ग्रॅम. खाण्याच्या सोड्याने काम होत नाही. कोमट पाण्यात मऊ ब्रशने हलकं चोळत एक-दोन मिनिटांत फटीतलं तांबं गुलाबी चकचकीत दिसलं पाहिजे. भिंगाखाली प्रत्येक फट बघा. इथे मागे राहिलेला धुरकट पापुद्रा म्हणजेच तुमचं पुढचं चिकटलेलं तांबं. या टप्प्यावर फिल्म काढून परत सुरुवात करता येते, बोर्ड वाया जात नाही.

एचिंगला फेरिक क्लोराइडच वापरा. हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड भराभर खातं खरं, पण त्याच्या वाफेने घरातली हत्यारं गंजतात आणि घसा धरतो. राहत्या घरात ते नको. फेरिक क्लोराइडचे खडे पाण्यात थोडे थोडे टाका, खड्यांवर पाणी ओतू नका, विरघळताना चांगलीच उष्णता निघते. प्लॅस्टिकचा ट्रे गरम पाण्याच्या टबात ठेवून द्रावण ४० ते ४५ अंशांवर आणा आणि ट्रे सतत हलवत राहा. थंड द्रावणात बोर्ड नुसता टाकून ठेवला की वेळ वाढतो आणि कडा जास्त खाल्ल्या जातात. स्पंजने अलगद पुसत राहिलात तर फटीतलं द्रावण सारखं बदलत राहतं आणि बारीक पिचला फार फरक पडतो. हातमोजे आणि चष्मा हवाच. स्टीलची भांडी, मोरी, स्वयंपाकघर यांपासून लांब.

वापरलेलं द्रावण बेसिनमध्ये ओतायचं नाही. त्यात विरघळलेलं तांबं असतं, ते मासे आणि पाण्यातल्या जिवांना घातक आहे. कॅनमध्ये साठवा, निवलं की पुन्हा वापरता येतं. अगदी निकामी झाल्यावर धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस येणं थांबलं की गाळ खाली बसतो. हा गाळ कॉलेजच्या लॅबमध्ये किंवा एमआयडीसीतल्या ओळखीच्या प्लेटिंगवाल्याकडे द्या, ज्यांचा घातक कचरा अधिकृत ठिकाणी जातो. तुम्ही कॉलेजमध्ये आहात, तर हे विचारायला लाजू नका, लॅबला तशी व्यवस्था ठेवावीच लागते.

फिल्म काढायला कॉस्टिक सोड्याचं तीन टक्क्यांचं पाणी. ते कातडीला आणि डोळ्यांना फार वाईट, मोजे काढायची घाई करू नका. लगेच तांब्यावर रोझिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलचा पातळ हात फिरवा. तांबं काळवंडत नाही आणि तोच फ्लक्सचंही (सोल्डर नीट धरायला मदत करणाऱ्या पदार्थाचंही) काम करतो. पावसाळ्यात उघडं तांबं एका रात्रीत डागाळतं.

पार्ट लावण्याआधी मल्टिमीटरने शेजारच्या प्रत्येक दोन पायांमध्ये शॉर्ट तपासा. खाली अखंड ग्राउंड असल्याने बोर्ड उजेडासमोर धरून काही दिसत नाही, त्यामुळे हे टाळता येत नाही. मग आधी फक्त रेग्युलेटर आणि त्याचे कपॅसिटर लावा, ३.३ व्होल्ट मिळतात का बघा. चिपचा एक कोपऱ्यातला पाय टाका, चारी बाजू भिंगाखाली जुळवा, मग तिरपा समोरचा पाय. आता जेल फ्लक्स सढळ हाताने लावा. प्लंबरचा अ‍ॅसिडचा फ्लक्स नको, तो नंतर ट्रॅक खात राहतो. ६३/३७ चं अर्ध्या मिमीचं सोल्डर १८३ अंशांना एकदम वितळतं, टोक ३३० च्या आसपास ठेवा. सुईसारखं टोक घेऊ नका, त्यात उष्णता टिकत नाही. छिन्नीसारखं २ मिमीचं टोक घ्या, त्यावर सोल्डरचा छोटा थेंब, आणि पायांच्या टोकांवरून सावकाश ओढत न्या. सोल्डर मास्क नसला तरी फ्लक्स ओला असेपर्यंत सोल्डर पायांनाच धरतं. शेवटच्या दोन पायांमध्ये पूल राहतोच, तो फ्लक्स लावलेल्या तांब्याच्या वातीने काढा. पहिल्यांदा वीज देताना सप्लायची करंट लिमिट ५० मिलीअँपिअरवर ठेवा.

आता बाहेरून कधी करून घ्यावा? बीजीए (पोटाखाली सोल्डरच्या गोळ्या असलेली चिप) असेल, चार थर लागत असतील, एकसारखे पाचापेक्षा जास्त बोर्ड हवे असतील, किंवा बोर्डावर २३० व्होल्टची मेन्स येत असेल, तर घरी अजिबात करू नका. मेन्सच्या बोर्डाला सोल्डर मास्क आणि योग्य अंतरं हवीतच. तुमच्या प्रोजेक्टला मी असं सुचवेन: ०.८ पिचची चिप आणि अ‍ॅक्सिलरोमीटरचं मॉड्यूल घेऊन पहिला बोर्ड घरी करा. सकाळी बसलात तर संध्याकाळी कोड चालू होतो, आणि कनेक्टर उलटा लागलाय किंवा एखादा पुल-अप रेझिस्टर राहिलाय हे त्याच दिवशी कळतं, कुरिअरची वाट बघत आठवडा जात नाही. सर्किट पक्कं झालं की ४८ पायांची चिप आणि खरा अ‍ॅक्सिलरोमीटर घालून दुसरी आवृत्ती कारखान्यात पाठवा. ती पाठवताना आपले बदललेले फुटप्रिंट काढून मूळचे परत लावायचे, पूल म्हणून टाकलेले शून्य ओहमचे रेझिस्टर काढायचे, आणि खालच्या ग्राउंडला तारांऐवजी व्हाया (आतून तांबं चढवलेली भोकं) द्यायच्या.

०.५ पिचचा हातखंडा व्हावा असं वाटत असेल, तर वरच्या चाचणीच्या पट्टीवरच ४८ पायांच्या चिपचा फुटप्रिंट ठेवा, आणि प्रोजेक्टच्या बोर्डासोबत तीही प्रत्येक वेळी एच करा.